बिनश्रीची कार्डं

अख्ख्या जगाची काळजी एकट्यानं वाहायचा मक्ता देवानं कुणाला दिला असेल, तर तो आमच्या साडूंना. एक दिवस जरी आपण काळजी करायचं विसरलो तर निदान अमरावती जिल्हा तरी बंद पडेल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या, कुसुमच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. अमरावतीच्या एका हायस्कुलात ते इंग्रजीचे मास्तर, आणि मी अकोल्याला कचेरीत रेकॉर्ड सांभाळणारा कारकून. दोन्ही गावांत मोटारीनं अर्ध्या दिवसाचंही अंतर नाही. पण साडू अकोल्याला यायचे म्हणजे घरातून स्वारी निघावी तशी तयारी. आठच्या मोटारीसाठी सहाला स्टँडवर. सहाची आणि सातची अशा दोन मोटारी डोळ्यांदेखत सोडायच्या आणि प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचं, 'ही आठची नाही ना?' एकदा कुलूप लागलं की नाही या शंकेनं ते स्टँडवरून घरी परत गेले. कुलूप लागलेलं होतं. त्याचा त्यांना एवढा आनंद झाला की ते उघडून आत गेले, निवांत तांब्याभर पाणी प्याले, आणि तोवर आठची मोटार निघून गेली. मग वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना त्या दिवशी कुठंच पाठवलं नाही.

त्यांची माझी पहिली गाठ दर्यापूरला, मी कुसुमला पाहायला गेलो तेव्हा. थोरले जावई म्हणून ते बैठकीत होते. उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत. माझ्या वडिलांनी सहज, पोहे येईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, 'मुलीचा स्वभाव चांगला आहे ना?' सासरे 'हो, हो' म्हणणार तेवढ्यात साडू पुढं सरसावले. 'आजच्या अर्थानं चांगलाच आहे,' ते म्हणाले, 'पण शब्दाचा काय भरवसा हो? पन्नास वर्षांनी लोक चांगला कशाला म्हणतील, त्याची हमी मी घेत नाही.' आतून कपबशी पडल्याचा आवाज आला. माझे वडील त्या लग्नाला तयार झाले ते, मला वाटतं, याच वाक्यामुळं; इतका खरं बोलणारा माणूस ज्या घरात मोकळा सोडलाय त्या घरात लपवाछपवी नसणार, असा त्यांनी हिशेब केला असावा. कुसुम मात्र पुढं कितीतरी वर्षं म्हणायची, 'भाऊजींनी माझं लग्न मोडलंच होतं!'

तर अशा या माणसाच्या सगळ्या काळज्यांत थोरली, पाटावर बसवलेली काळजी होती ती एका इंग्रजी शब्दाची. सिली. होय, तोच. आपण पोराटोरांना म्हणतो तो. साडू नोकरीला नवे लागले तेव्हा साहेबांचं राज्य होतं. शाळा तपासायला एक गोरा इन्स्पेक्टर आला. तो वर्गात शिरला आणि साडूंनी घाईघाईनं हात जोडले. हातात खडू होता तो निसटून साहेबाच्या चकचकीत बुटावर पडला. साडू धोतराच्या सोग्यानं बूट पुसायला वाकले. साहेब हसला, पाय मागं घेतला, 'डोन्ट बी सिली' म्हणाला आणि पुढच्या वर्गात गेला. बस्स, एवढंच. दुसरा कुणी असता तर घरी जाऊन बायकोवर ओरडला असता आणि विषय मिटला असता. साडूंनी घरी जाऊन डिक्शनरी काढली. आपला अपमान नेमका किती झाला हे त्यांना मापून घ्यायचं होतं. डिक्शनरीत होतं: मूर्ख, बावळट. ठीक. पण खाली बारीक टायपात आणखी एक ओळ होती: पूर्वी या शब्दाचा अर्थ सुखी, भाग्यवान, देवाची कृपा असलेला. झालं! साहेब आपल्याला बावळट म्हणाला की भाग्यवान? साहेबाची बदली झाली, मग साहेब विलायतेला गेला, मग सगळेच साहेब गेले, आणि ते विचारायचं राहून गेलं ते गेलंच.

पण साडूंनी शब्दाचा पिच्छा सोडला नाही. अमरावतीच्या एका कॉलेजात इंग्रजीचा मोठा, अनेक खंडांचा कोश होता. तो बाहेर न्यायला मिळत नसे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की साडू तिथं जायचे आणि उभ्याउभ्या वाचायचे. बसलं तर डुलकी लागेल आणि डुलकीत चुकीचं उतरवलं जाईल, ही काळजी. नंतर नंतर कॉलेजातली जुनी पुस्तकंही त्यांनी चाळायला घेतली. कुठल्या वर्षी, कुणी, कोणत्या वाक्यात हा शब्द वापरला, याचा पुरावा शोधायचा, आणि पुराव्याशिवाय अक्षर बोलायचं नाही. मला ते समजावून सांगायचे. 'वसंतराव, हा शब्द एका दिवसात मूर्ख झालेला नाही बरं. सहा-सातशे वर्षं लागली त्याला. आधी भाग्यवान. भाग्यवान म्हणजे देवाचा लाडका, म्हणून पुण्यवान. पुण्यवान माणूस कुणाचं वाईट करत नाही, म्हणून निष्पाप. निष्पापाला लोक नाडतात, म्हणून बिचारा. बिचारा म्हणजे दुबळा. आणि एकदा दुबळा म्हटलं की डोक्यानं दुबळा व्हायला किती वेळ? बघा, मधे कुणीही त्याला धक्का मारलेला नाही. जो तो कीवच करत गेला.' हे सांगताना त्यांचा आवाज असा व्हायचा, की जणू घरातलाच कुणी मुलगा वाया गेलाय. मग म्हणायचे, 'आपल्या भोळ्याचं काय झालं? महादेवाचं नाव ते. आज बाजारात भोळा म्हणजे ज्याच्या गळ्यात सडका संत्रा मारता येतो तो.' आणि मला उगाचच आपण कुणालातरी सडका संत्रा विकल्यासारखं वाटायचं.

या नादाचा शाळेत फार ताप झाला. पेपर तपासताना साडूंना कुठलंच उत्तर सरळ चूक म्हणवेना. एका मुलानं एका शब्दाचा भलताच अर्थ लिहिला, तर यांनी कोश उघडून पाहिलं आणि त्याला अर्धा मार्क दिला. समासात शेरा: 'चारशे वर्षांपूर्वी बरोबर.' ही बातमी फुटल्यावर नापास झालेली सगळी मुलं आपापली उत्तरं घेऊन दारात उभी. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं, 'मास्तर, तुम्ही मार्क कोणत्या सालातले देता?' साडू म्हणाले, 'हीच तर काळजी आहे, सर.' आणि एकदा शाळेच्या मैदानावर शिक्षकांची क्रिकेटची मॅच होती. साडू स्कोअर लिहायला बसलेले. ड्रिलमास्तर फलंदाजाच्या अगदी नाकासमोर उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, याला सिली पॉइंट म्हणतात. साडू वही ठेवून मैदानात गेले, पंचाला काही न विचारता ड्रिलमास्तरांचा दंड धरला आणि त्यांना चार पावलं मागं नेऊन उभं केलं. 'झेल घेतला तर पहिला अर्थ खरा, डोक्याला लागला तर शेवटचा,' ते म्हणाले. 'उगाच परीक्षा कशाला घ्या?'

आता मी माझ्या पापाकडं येतो.

साडूंची टिपणांची पहिली वही वाळवीनं खाल्ली. चार वर्षांचं काम, आणि वाळवीनं पुठ्ठा तेवढा नाकारला. तेव्हापासून आपलं घर सुरक्षित नाही हे त्यांनी मनाशी ठरवलं, आणि सुरक्षित घर म्हणून माझं निवडलं. 'तुम्ही रेकॉर्डकीपर. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा जमिनीचा कागद मागितला तर काढून देता. तुमच्याकडं नाही जपणार तर कुठं जपणार?' मग त्यांनी पद्धत घातली. शनिवारी कोशाशी उभं राहायचं, पुरावा थेट पोस्टकार्डावर उतरवायचा, वाटेतल्या पेटीत टाकायचा. एक पुरावा, एक कार्ड. मी विचारलं, 'एक नक्कल स्वतःजवळ का ठेवत नाही?' तर म्हणाले, 'दोन प्रती झाल्या की त्यांत फरक पडतो, वसंतराव. मग खरी कोणती, या विचारानं मी मरेन.' मी हो म्हटलं.

पहिलं कार्ड आलं तेव्हा मी कचेरीत होतो. आमचा पोस्टमन आमच्या आळीत इतकी वर्षं हिंडत होता की कुणाच्या घरी काय शिजतं ते त्याला ठाऊक. त्यानं कार्ड आईच्या हातात दिलं आणि जरा बाजूला सरून उभा राहिला. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण एक गोष्ट तिला पक्की कळत होती: कार्डाच्या माथ्यावर श्री नव्हता. आपल्याकडं श्री नसलेलं पत्र कधी येतं, हे काय सांगायला हवं? त्यातून अमरावतीचा शिक्का. मला निरोप आला, 'लवकर या, अमरावतीचं वाईट झालं.' मी सायकल हाणत घरी आलो. कुसुम भिंतीला टेकून रडत होती, शेजारच्या दोघी तिला धरून बसल्या होत्या, आणि आई डोक्यावरून पाणी घेऊन ओल्या लुगड्यानं दारात. मी कार्ड वाचलं. जुन्या इंग्रजीतलं एक वाक्य होतं. देवाच्या दयेनं सुखात असलेल्या कुणा माणसाबद्दल. खाली वर्ष, आणि उलट बाजूला, पत्त्याशेजारी, 'वाळवीपासून जपा.' 'कुणी गेलं नाही,' मी म्हणालो, 'सगळे सुखात आहेत.' पोस्टमन फाटकातून म्हणाला, 'मंग त्यायले सांगा ना बाबू, वरती श्री घालत जा म्हणा. आमचा बी जीव वर-खाली होते.'

मी तसं लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं, आणि तेवढ्या उत्तरावर मात्र श्री होता. 'पुराव्यावर आपलं एकही अक्षर असता कामा नये. श्री घातला की ते माझं पत्र झालं, पुरावा राहिला नाही. क्षमस्व.' मी ते आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, 'त्यायचा पुरावा त्यायच्या ठिकाणी. माह्या घरात बिनश्रीचं कार्ड राह्यणार नाही. लेकरंबाळं हायेत घरात. वाचून झालं की फाडाचं, अशी रीत हाय.' आणि तिनं ते पहिलं, बिनश्रीचं कार्ड माझ्यासमोर उभं फाडलं, आडवं फाडलं, आणि बंबात घातलं. मी 'अगं आई!' म्हणालो. खरं सांगतो, नुसतं म्हणालो. हात धरला नाही. एका शब्दाचं एक कार्ड, कोण विचारतंय, असं मनात आलं, ते खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी मी साडूंना लिहिलं: 'कार्ड पोचलं. जपून ठेवलं आहे.'

तिथून जे सुरू झालं ते नऊ वर्षं. आमचा वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, मुंबई राज्यातून महाराष्ट्रात आला, कचेरीतल्या पाट्या बदलल्या, इंग्रजी मसुदे जाऊन मराठी आले. कार्डं थांबली नाहीत. पोस्टमन कोपऱ्यावरूनच ओरडायचा, 'बिनश्रीचं आलं हो!' पहिली दीड-दोन वर्षं मी ती नीट वाचली. कधी कधी मजाही वाटायची. मग संसार वाढला, काम वाढलं. मी नुसती नजर टाकायचो आणि आईला म्हणायचो, 'कुणी गेलं नाही,' की ती फाडायची. मग नजर टाकायचंही राहिलं. पण साडूंचे प्रश्न यायचे. 'कार्डं कशात ठेवता?' मी लिहिलं, ट्रंकेत. 'ट्रंक जमिनीवर आहे काय?' मी लिहिलं, चार विटांवर. 'कडुनिंबाचा पाला?' घातला. 'उंदीर?' नाही. एकदा त्यांनी ओळखीच्या माणसाबरोबर डांबराच्या गोळ्यांची पुडी पाठवली आणि त्या मी कुसुमच्या लुगड्यांत टाकल्या. जी ट्रंक नव्हतीच, तिची मी इतकी निगा राखली की माझ्या खऱ्या ट्रंकांना तिचा हेवा वाटावा. साडू अकोल्याला आले की मला वाटायचं, आता म्हणतील, दाखवा. एकदा मीच आपणहून म्हणालो, 'काढू का कार्डं?' तर ते दोन्ही हात पुढं करून म्हणाले, 'नको, नको! दमट हवा आत जाईल.' त्या दमट हवेला मी मनोमन दंडवत घातला. कुसुम म्हणायची, 'सांगून टाका एकदाचं. दिवसेंदिवस जड होईल.' मी म्हणायचो, पुढच्या खेपेला.

साडू पेन्शनीत निघाले त्या हिवाळ्यात त्यांचं पत्र आलं. श्रीसकट. अक्षर थोडं हललेलं. अकोल्याच्या एका कॉलेजात त्यांचा जुना विद्यार्थी प्रोफेसर झाला होता. त्यानं त्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय: एका शब्दाचा जन्म आणि प्रवास. 'आयुष्यात मला कुणी बोलायला बोलावलं ते हे पहिल्यांदाच,' त्यांनी लिहिलं होतं, 'येत्या रविवारी संध्याकाळी पाचला. मी सकाळीच येतो. कार्डं सालवार लावून ठेवा. चारशेच्या वर असतील. तुमचे उपकार कसे फेडू?'

ते शेवटचं वाक्य वाचून मला जेवण गेलं नाही. त्या आठवड्यात मी काय काय योजलं नाही? चोरी झाली म्हणावं. पण चोर कार्डं कशाला नेईल? मोर्णेचा पूर घरात शिरला म्हणावं. पण पौषात पूर कुठून आणू? मी आजारी पडून पाहिलं, ताप येईना. कचेरी सुटल्यावर त्या कॉलेजात जाऊन कोश शोधला, निदान थोडं तरी उतरवून काढावं म्हणून. तिथं एकच खंडाची डिक्शनरी होती आणि त्या शब्दाला जेमतेम तीन ओळी. नऊ वर्षं ते शनिवारी उभे राहिले होते, आणि मी तीन ओळींसमोर बसून घाम पुसत होतो. आई माझ्याकडं बघत होती. शनिवारी म्हणाली, 'तू काहून येवढा भिऊन राह्यला? फाडले म्या. म्या सांगतो त्यायले.' आमच्या वऱ्हाडात बाईमाणूसही कधी कधी 'म्या सांगतो' म्हणते, पण त्या दिवशी ते मला खरंच एखाद्या पुरुषानं जबाबदारी घ्यावी तसं ऐकू आलं, आणि मला माझी फार लाज वाटली. मी म्हणालो, 'नाही. मी सांगेन.'

रविवारी ते दहाच्या सुमारास आले. काळा कोट घातला होता, धुऊन इस्त्री केलेला, आणि खांद्याला एक नवी कोरी खादीची पिशवी. पिशवी त्यांनी आधी कुसुमला दाखवली. 'तुझ्या बहिणीनं शिवली. आत कप्पे आहेत बघ. एकेका शतकाला एकेक.' वहिनींनी प्रत्येक कप्प्यावर लाल दोऱ्यानं आकडा भरला होता. कुसुमनं पिशवी हातात घेतली आणि ती तडक आत निघून गेली. साडूंना काही कळलं नाही. ते बसलेही नाहीत. 'ट्रंक आतल्या खोलीत आहे ना? हवा कोरडी आहे आज, उघडायला हरकत नाही.'

मी म्हणालो, 'ट्रंक नाही.'

'दुसऱ्या कशात ठेवली?'

'कार्डंच नाहीत, मास्तर. एकही नाही. पहिल्यापासून नाही.' आणि मग मी सगळं सांगितलं. श्री, आई, बंब, विटा, कडुनिंब, सगळं. मधे एकदाही त्यांच्याकडं बघितलं नाही. माझं झाल्यावर आई माजघराच्या दारातून म्हणाली, 'म्या जाळले, मास्तर. श्री नव्हता त्यायच्यावर.'

साडू खुर्चीवर बसले. उपरणं नव्हतं म्हणून कोटाचं बटण बोटानं फिरवत राहिले. आईला म्हणाले, 'तुमचं बरोबरच होतं, आई. घरात लेकरं आहेत.' मग माझ्याकडं वळून, अगदी हळू, 'तुम्ही लिहीत होता ते, मला काळजी वाटू नये म्हणून ना?'

मी मान हलवली. ते खरं होतं आणि खोटंही होतं.

'नाही वाटली हो,' ते म्हणाले. 'बाकी सगळ्याची वाटली. कार्डांची तेवढी नऊ वर्षं नाही वाटली.'

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, मोटारीनं तसेच परत गेले असते, तर मी वाचलो असतो. मला रडू फुटलं. चाळिशीला आलेला बाप्या, आईदेखत. साडू मला थोपटायलाही उठले नाहीत. ते कसलातरी विचार करत होते. मग एकदम त्यांनी विचारलं, 'वाचली होतीत का?'

'सुरवातीची वाचली होती. नंतरची नाही.'

'सुरवातीची कुठवर? आठवतात?' त्यांचा आवाज वर्गातला झाला. 'कागद नाही तर साक्षीदार चालतो, वसंतराव. कोर्टातही चालतो. ज्यानं कार्ड डोळ्यांनी वाचलं तो साक्षीदार; मीच माझा साक्षीदार होऊ शकत नाही. चला, सांगा. पहिलं कार्ड.'

आणि त्या सकाळी मी परीक्षेला बसलो. पहिलं कार्ड मला येत होतं. अख्ख्या आळीनं रडून पाठ केलेलं ते कार्ड. दुसरं आलं, चौथं आलं. ते मधेमधे अडवायचे, 'माणूस की बाई? नीट आठवा,' आणि मी डोळे मिटून आठवायचो. भाग्यवान झालं, पुण्यवान झालं. कुण्या एका निष्पाप पोराबद्दलचं वाक्य आठवलं. कुसुम दारात उभी राहून ऐकत होती, तिला एक आठवलं ते तिनं सांगितलं, कारण ते मी तिला गंमत म्हणून वाचून दाखवलं होतं. शेवटी मेंढ्यांचं कार्ड आलं. वाट चुकलेल्या मेंढ्या, त्यांचा मेंढपाळ दूर, आणि लिहिणाऱ्यानं त्यांना सिली म्हटलंय. मूर्ख म्हणून नाही, बिचाऱ्या म्हणून. ते वाचून मला तेव्हाही वाईट वाटलं होतं.

'पुढं?' साडू म्हणाले.

'पुढचं नाही वाचलं.'

'बरं,' ते म्हणाले. 'म्हणजे मेंढ्यांपर्यंत.' आणि हात धुऊन पानावर बसले. जेवले मात्र फार थोडं.

संध्याकाळी कॉलेजच्या त्या खोलीत तीस-पस्तीस माणसं होती. मी मागच्या बाकावर, बसावं तिथं काटे. साडू उभे राहिले. हातात चिटोरंही नाही. आणि काय बोलले हो! काळजी करणारा माणूस मी वीस वर्षं पाहत होतो, पण काळजीनं कुणाला उचलून आणावं तसा तो शब्द उचलून आणणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला. खडू, बूट, साहेब इथून सुरू केलं, लोक हसले. मग एकेक वाक्य, एकेक वर्ष, पायरी पायरीनं खाली. मेंढ्यांपर्यंत आले. आणि तिथं ते थांबले.

'यापुढचा पुरावा आज माझ्याजवळ नाही,' ते म्हणाले. 'मी इथपर्यंतच सांगू शकतो.'

त्यांचा प्रोफेसर विद्यार्थी गोंधळून हसला. 'पण सर, पुढं त्याचा अर्थ मूर्ख झाला, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे.'

'सगळ्यांना ठाऊक असणं हा पुरावा नव्हे,' साडू म्हणाले, आणि खाली बसले. पुरावा का नाही, कुणामुळं नाही, यातलं अक्षर त्यांनी काढलं नाही. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. रिकामी पिशवी त्यांनी चौघडी करून काखेत धरली होती. मी म्हणालो, 'मास्तर, मी शनिवार-शनिवारी अमरावतीला येतो. दोघं मिळून पुन्हा उतरवू.' ते म्हणाले, 'आता पाय दुखतात हो उभं राहून.' मग गाडीत चढले, खिडकीतून ड्रायव्हरला ही अमरावतीचीच ना असं विचारलं, आणि गेले. त्यानंतर त्या शब्दाबद्दल त्यांचं एकही कार्ड आलं नाही. यायची ती खुशालीची पत्रं, माथ्यावर श्री, आणि ती आईनं सगळी जपली. पोस्टमन एकदा म्हणाला, 'बाबू, ते बिनश्रीचे बंद झाले काहून? चुकल्यावानी वाटते.' मलाही वाटायचं. काही वर्षांनी साडू गेले, आणि ती बातमी तारेनं आली.

पुढचे पुरावे मी नंतर पाहू शकलो असतो. नागपूरला कामानिमित्त गेलो तेव्हा तो मोठा कोश समोर होता, खंड हाताशी होता. मी नाही उघडला. मुलांनी, नातवंडांनी घरात तो शब्द वापरला की मी त्यांना जवळ बसवून त्याची गोष्ट सांगतो, भाग्यवानापासून मेंढ्यांपर्यंत. 'मग पुढं काय झालं, आबा?' पोरं विचारतात. मी म्हणतो, पुढचं मला ठाऊक नाही. बाहेर त्या शब्दाचं काय व्हायचं ते झालं असेल. पण अकोल्यात, आमच्या घरी, तो अजून बिचाराच आहे.